सायगॉनला नातेवाइकांकडे राहून ‘क्वान मोत’ फिरताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईहून व्हिएतनामच्या सायगॉनला थेट विमान सुरू झाल्यापासून इथल्या मराठी घरांत पाहुण्यांचं येणं-जाणं वाढलं आहे. कुणाची आत्या येते, कुणाचे सासू-सासरे, कुणाचा मावसभाऊ बायको-मुलांसह. येण्याआधी फोनवर प्रश्नांची यादी येते आणि ती बहुतेक सारखीच असते. ही उत्तरं त्या सगळ्यांसाठी. हॉटेलात उतरणाऱ्यांसाठी लिहिलेलं पुष्कळ मिळतं. आपल्या माणसांच्या घरी उतरून शहर बघणाऱ्यांची गरज वेगळी असते.

सायगॉन म्हणायचं की हो ची मिन्ह सिटी? आणि ‘क्वान मोत’ म्हणजे कुठला भाग?

१९७६ पासून शहराचं अधिकृत नाव हो ची मिन्ह सिटी. लोक बोलताना अजून सर्रास सायगॉन म्हणतात, तुम्हीही म्हणा, कुणाला वावगं वाटत नाही. विमानाच्या तिकिटावरही ‘एसजीएन’च असतं.

क्वान मोत म्हणजे पहिला विभाग. फ्रेंचांनी वसवलेलं जुनं शहर, नदीकाठ, बेन थान्ह बाजार, कॅथीड्रल, टपाल कचेरी, ऑपेरा हाउस, सगळं इथेच. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनाममध्ये जिल्हा किंवा विभाग हा प्रशासकीय स्तरच रद्द झाला. कागदोपत्री आता तिथे सायगॉन, बेन थान्ह, काउ ओंग लान्ह आणि तान दिन्ह असे प्रभाग आहेत. पाट्या, दुकानं आणि टॅक्सीवाले मात्र जुनंच नाव घेतात. म्हणून नातेवाइकांकडून घराचा जुना आणि नवा असे दोन्ही पत्ते लिहून घ्या, शक्यतो व्हिएतनामी लिपीतल्या सगळ्या खुणांसकट. खूण चुकली की रस्त्याचं नाव बदलतं.

व्हिसाच्या अर्जात कुणाचा पत्ता द्यायचा?

ज्यांच्याकडे राहणार त्यांचा. भारतीयांना व्हिसा लागतोच. ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. एकदा प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५० डॉलर. इथून कंबोडियात अंगकोरला जाऊन परत यायचा बेत असेल तर अनेकदा प्रवेशाचाच घ्या. अर्ज सरकारच्या स्वतःच्या संकेतस्थळावर करा, पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट व्हीएन’ असतं. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट्स दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पासपोर्टवर आहे तसंच नाव भरा, मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव गाळू नका.

घरीच उतरायचं तर पोलिसांत नोंद कशाला?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो आणि सगळ्यात महत्त्वाचा आहे. परदेशी माणूस कुठे मुक्काम करतो हे स्थानिक पोलिसांना कळवणं इथे कायद्याने बंधनकारक आहे. तुम्ही हॉटेलात उतरलात तर हॉटेल ते करतं, तुम्हाला कळतही नाही. घरी उतरलात की ती जबाबदारी घर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर येते, आणि शहरात त्यासाठी पोहोचल्यापासून १२ तासांची मुदत असते. भाड्याच्या घरात बहुधा घरमालक किंवा इमारतीची व्यवस्थापन कचेरी ऑनलाइन नोंद करते.

तुम्ही एवढंच करायचं : निघण्याआधी पासपोर्टच्या मुख्य पानाचा आणि व्हिसाचा फोटो नातेवाइकांना पाठवायचा, आणि उतरल्यावर प्रवेशाचा शिक्का पडलेल्या पानाचा. मध्यरात्रीच्या विमानाने येणार असाल तर हे आधीच बोलून ठेवा. घरमालक झोपलेला असतो आणि घड्याळ चालू असतं. नोंद राहिली तर दंड तुमच्या नातेवाइकांना किंवा त्यांच्या घरमालकाला होतो, तुम्ही तोवर पुण्याला परतलेले असता. आपल्या येण्याने त्यांचे घरमालकाशी संबंध बिघडू नयेत. मध्ये दोन दिवस दा लातला किंवा मेकाँगकडे जाऊन परत आलात, तर पुन्हा नोंद करावी लागेल का हेही घरमालकाला विचारून घ्या.

घरापासून तिथे जायचं कसं?

हे नातेवाईक कुठे राहतात त्यावर आहे. थाओ दिएन किंवा आन फूला राहत असतील तर तुमचं नशीब. २२ डिसेंबर २०२४ ला सुरू झालेली मेट्रोची पहिली मार्गिका तिथूनच जाते. बेन थान्ह ते सुओई तिएन, १९.७ किलोमीटर, १४ स्थानकं. त्यांतली तीन भुयारी आहेत आणि तीनही तुमच्या कामाची : बेन थान्ह, ऑपेरा हाउस आणि बा सोन. तिकीट साधारण ७,००० ते २०,००० डोंग, म्हणजे जास्तीत जास्त सत्तर रुपये. थाओ दिएनहून पाव तासात तुम्ही शहराच्या मध्यात बाहेर पडता. गाडीत गारवा असतो, स्थानकांत लिफ्ट आहेत.

दक्षिणेला फू मी हुंगमध्ये राहत असतील, आणि बरीच भारतीय कुटुंबं तिथे आहेत, तर अजून मेट्रो नाही. ग्रॅब किंवा झान्ह एसएम या ॲपवरून गाडी मागवा. झान्ह एसएमच्या हिरवट निळ्या विजेवरच्या टॅक्सी रस्त्यात जागोजागी दिसतील. ॲप भारतातच टाकून, आपल्या नंबरावर ओटीपी घेऊन ठेवा, इथे रोख पैसे देऊनही चालतं. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी साडेचार ते सात या वेळात पूल ओलांडायला निघू नका.

आणखी एक रस्ता लोकांना माहीत नसतो, तो पाण्यातला. बाख दांग धक्क्यावरून नदीतली बस सुटते, २०१७ पासून चालू आहे, तिकीट १५,००० डोंग. थाओ दिएनच्या बाजूला बिन्ह आनला थांबते. जाताना मेट्रोने आणि येताना सूर्यास्ताच्या वेळी बोटीने, ही जोडी पाहुण्यांना आम्ही आवर्जून सुचवतो. शनिवार-रविवारी तिकिटं लवकर संपतात.

एका दिवसात सगळं बघून होईल का?

होईल, आणि तसं करू नका. हॉटेलवाला प्रवासी दोन रात्रींसाठी येतो, त्याला सकाळी नऊ ते रात्री नऊ फिरावंच लागतं. तुम्हाला तो नाइलाज नाही. नातेवाइकांकडे राहण्याचा खरा फायदा हॉटेलचे पैसे वाचतात हा नाही. दुपारी घरी परतता येतं, वरण-भात खाऊन पंखा लावून पडता येतं, आणि संध्याकाळी पुन्हा ताजंतवानं बाहेर पडता येतं, हा आहे.

सायगॉन विषुववृत्तापासून फक्त अकराएक अंशांवर. साडेअकरा ते साडेतीन रस्ता भाजून काढतो. इथली माणसंसुद्धा त्या वेळात सावलीला असतात, रिक्षाचालक आपल्या सायक्लोत आणि दुकानदार काउंटरमागे चटईवर पडलेला दिसेल. सकाळ मात्र साडेपाचलाच उजाडते. घड्याळ भारतापेक्षा दीड तास पुढे आहे, तेव्हा पहिले दोन दिवस लवकर उठणं जड जाईल, पण तेवढं साधा. चार-पाच अर्धे दिवस ठेवा. काही सकाळी, काही संध्याकाळी. शहर दोन्ही वेळा निराळं असतं.

पहिल्या सकाळी कुठून सुरुवात करावी?

कॅथीड्रलसमोरच्या चौकातून. ऑपेरा हाउस स्थानकावर उतरून दोंग खोई रस्त्याने वर चालत या. फ्रेंच काळात हा कातिना रस्ता होता. लाल विटांचं कॅथीड्रल १८७७ ते १८८० मध्ये बांधलं, विटा मार्सेहून जहाजाने आणल्या. २०१७ पासून त्याची मोठी दुरुस्ती चालू आहे, आत जाता येईलच असं धरून चालू नका.

शेजारची टपाल कचेरी मात्र आजही चालती आहे. १८८६ ते १८९१ मध्ये बांधलेली. मार्गदर्शक तुम्हाला ती आयफेल टॉवरवाल्या आयफेलची म्हणून सांगतील, तसं नाही. आराखडा फुलू आणि व्हिलदिय या वास्तुविशारदांचा. आत शिरताच दोन्ही हातांना वर भिंतीवर रंगवलेले दोन मोठे नकाशे आहेत, एक सायगॉन आणि परिसराचा, दुसरा तारायंत्राच्या जाळ्याचा. डावी-उजवीकडे जुन्या टेलिफोनच्या लाकडी खोल्या. इथून घरी पोस्टकार्ड नक्की पाठवा. स्वतःच्या हाताने पत्ता लिहून, तिकीट चिकटवून पेटीत टाकणं मुलांना फार आवडतं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ते कधी केलेलंच नसतं.

टपाल कचेरीच्या कुशीत न्यूएन व्हान बिन्ह नावाची छोटी गल्ली आहे, २०१६ पासून ती पुस्तकांची गल्ली आहे. दोन्ही बाजूंना प्रकाशकांची दुकानं, वर झाडांची कमान, वाहनांना बंदी. इथे बाकावर बसून थांबलेले आजोबा-आजी आणि जमिनीवर मांडी घालून चित्रपुस्तकं वाचणारी पोरं बघितली की या शहराबद्दलचं तुमचं मत बदलेल. आम्हाला सगळ्या क्वान मोतमध्ये ही जागा सर्वांत प्रिय आहे.

त्याआधी, पहाटेच उठणं जमलं तर ताओ दान बागेत जा. सहाच्या सुमाराला शेकडो माणसं व्यायाम करत असतात, बायका रांगेत पंख्यांचा नाच करतात, म्हातारे गृहस्थ पिंजऱ्यातले पक्षी घेऊन येतात, पिंजरे टांगतात आणि खाली कॉफी घेत त्यांचं गाणं ऐकतात.

स्वातंत्र्य प्रासाद आणि युद्ध संग्रहालय, दोन्ही बघावीत का? मुलांना न्यावं का?

दोन्ही बघा, एकाच दिवशी नको.

प्रासादाच्या जागी आधी फ्रेंच गव्हर्नरचा वाडा होता. फेब्रुवारी १९६२ मध्ये दक्षिण व्हिएतनामच्याच हवाई दलातल्या दोन वैमानिकांनी त्यावर बाँब टाकले. मग न्गो व्हिएत थू या वास्तुविशारदाने ही नवी इमारत उभी केली, १९६६ मध्ये ती पूर्ण झाली. ज्याच्यासाठी बांधायला घेतली तो राष्ट्राध्यक्ष न्गो दिन्ह झिएम १९६३ मध्येच मारला गेला होता. ३० एप्रिल १९७५ ला उत्तरेचे रणगाडे याच्याच फाटकातून आत शिरले आणि युद्ध संपलं. आत सगळं तेव्हाचं जपलं आहे : बैठकांची दालनं, गच्चीवरचं हेलिकॉप्टर, आणि तळघरात नकाशे, जुने फोन, बिनतारी यंत्रांच्या खोल्या. मुलं तळघरात रमतात. तिकीट सकाळी आठपासून, आणि दुपारी साडेतीनच्या पुढे बहुधा मिळत नाही.

युद्ध संग्रहालय तिथून चालत पंधरा मिनिटांवर, जुन्या तिसऱ्या विभागात. १९७५ च्या सप्टेंबरात ते उघडलं. अंगणात विमानं, रणगाडे आहेत, ते मुलांना दाखवायला हरकत नाही. वरच्या मजल्यांवर एजंट ऑरेंज या विषारी रसायनाने जन्मतः विद्रूप झालेल्या मुलांची छायाचित्रं आहेत, छळाचे फोटो आहेत. बारा-तेरा वर्षांच्या आतल्या मुलांना वर नेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मोठ्यांनी मात्र वरचं चुकवू नये. युद्धात मारल्या गेलेल्या छायाचित्रकारांच्या कामाचं दालन शांतपणे बघा. त्यांतले काही व्हिएतनामी होते, काही परदेशी, दोन्ही बाजूंचे. बाहेर आल्यावर लगेच बाजारात जाववत नाही, म्हणून ही भेट सकाळच्या शेवटी ठेवा आणि तिथून सरळ घरी या. आणि घरी कुणी व्हिएतनामी मदतनीस किंवा शेजारी असतील तर जेवताना त्यांना युद्धाविषयी प्रश्न विचारायला जाऊ नका. बहुतेक प्रत्येक घरात कुणीतरी गेलेलं आहे, त्यांतही एका घरातली माणसं दोन्ही बाजूंनी लढलेली असू शकतात.

संध्याकाळी काय बघावं?

न्यूएन ह्वे हा चालण्याचा रुंद रस्ता. पूर्वी इथे कालवा होता, तो १८८७ मध्ये बुजवला, आणि २०१५ पासून मधला भाग फक्त पायी चालणाऱ्यांचा झाला. एका टोकाला १९०८ मध्ये पूर्ण झालेलं नगरभवन, दुसऱ्या टोकाला नदी. अंधार पडला की सगळं शहर इथे येतं. कॉलेजची मुलं गाणी म्हणतात, छोटी पोरं स्केट्सवर फिरतात, जमिनीवर बसून लोक फळं खातात. ४२ क्रमांकाची जुनी नऊ मजली निवासी इमारत आता बहुतेक कॅफेंनी भरली आहे, खोलीखोलीत वेगळं दुकान. वर जाऊन गॅलरीत बसा.

तिथून ऑपेरा हाउस दोन मिनिटांवर. १९०० सालचं आहे, १९७५ च्या आधी काही वर्षं तिथे दक्षिण व्हिएतनामची संसद भरत असे. मग नदीकडे उतरा. बाख दांगच्या काठावर त्रान हुंग दाओचा उंच पुतळा आहे, हात नदीकडे रोखलेला. तेराव्या शतकात मंगोल फौजांना परतवणारा हा सेनापती. १२८८ मध्ये उत्तरेतल्या बाख दांग नदीत त्याने टोकदार खांब रोवले, भरतीला शत्रूची जहाजं आत येऊ दिली आणि ओहोटीला ती खांबांवर अडकवली. मराठी माणसाला हा इतिहास ऐकताना आपसूक गनिमी काव्याची आठवण येते.

व्हिएतनाममध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा आहे ना? तो कुठे बघायला मिळेल?

हा प्रश्न दर मोसमात येतो, कारण तसा संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. अमेरिकेला हरवणाऱ्या व्हिएतनामी नेत्याने महाराजांकडून प्रेरणा घेतली, समाधीवर तसं कोरलं आहे, वगैरे. त्याला कोणताही पुरावा नाही, आणि या शहरात असा पुतळा नाही. बेन थान्ह बाजारासमोर पूर्वी एक अश्वारूढ पुतळा होता, पण तो पंधराव्या शतकातल्या त्रान न्गुएन हान या व्हिएतनामी सेनापतीचा. मेट्रोच्या कामासाठी २०१४ मध्ये तो हलवला. महाराजांचा मोठेपणा परदेशातल्या पुतळ्यावर अवलंबून नाही. आणि इथल्या लोकांनी आपल्या बळावर जे मिळवलं त्याचं श्रेय त्यांचं त्यांना द्यावं.

भारताशी खरे दुवे हवे असतील तर ते आहेत. नेताजी सुभाषचंद्र बोस १७ ऑगस्ट १९४५ ला याच शहरातून विमानाने निघाले, तो त्यांचा अखेरचा ज्ञात प्रवास. आणि प्राणिसंग्रहालयाजवळच्या इतिहास संग्रहालयात व्हिएतनाममधल्या प्राचीन चंपा राज्यातली शिल्पं आहेत, शिव, विष्णू, गणपती. ते पाहायला दोन तास काढाच.

आईला रोज देवळात जायची सवय आहे. जवळ देऊळ आहे?

क्वान मोतमध्ये हिंदूंची तीन जुनी देवळं आहेत. फ्रेंच काळात तमिळनाडूतून सावकारी आणि व्यापारासाठी आलेल्या चेट्टियारांनी आणि इतर तमिळांनी ती उभी केली. सगळ्यांत गजबजलेलं मारिअम्मन देवीचं, त्रुओंग दिन्ह रस्त्यावर, बेन थान्ह बाजारापासून पाच मिनिटांवर. आत गेल्यावर आश्चर्य वाटतं ते भक्तांचं. जवळजवळ सगळे व्हिएतनामी. हातात उदबत्त्यांचा जुडगा, फुलं, फळांची ताटं. प्रदक्षिणेच्या मार्गावर लोक भिंतीला कपाळ टेकून मनातलं देवीला सांगतात. तमिळ मंडळी १९७५ नंतर बहुतेक निघून गेली, देवी इथल्या लोकांनी आपली मानली. इथे आलेल्या कितीतरी आया-सासवा या देवळातून हलायला तयार नसतात.

दुसरी दोन सुब्रह्मण्याची : एक तोन थात थिएप रस्त्यावर, दुसरं नाम की खोई न्घिया रस्त्यावर. दोन्ही शांत. आणि दोंग झू रस्त्यावर दक्षिण भारतीय मुसलमानांनी १९३५ मध्ये बांधलेली हिरवी-पांढरी मशीद आहे, तिचं अंगण भर दुपारीही गार असतं.

आम्ही शाकाहारी आहोत. घरून डबा घ्यावा का?

घ्यायला हरकत नाही, पण गरज पडणार नाही. ‘चाय’ अशी पाटी शोधा, लिहिताना सी-एच-ए-वाय. हे बौद्ध शाकाहाराचं खाणं. ‘तोय आन चाय’, म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढं वाक्य पाठ करा. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या प्रतिपदा-पौर्णिमेच्या आसपास, पुष्कळ व्हिएतनामी लोक मांसाहार टाळतात, त्या दिवशी अशी दुकानं ओसंडून वाहतात आणि पदार्थही जास्त असतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. साध्या खानावळीत ‘मांस नको’ सांगून भागत नाही, कारण फो या नूडल सूपचा रस्सा हाडांचा असतो आणि बाकी सगळ्यात न्युओक माम, म्हणजे माशाचा सॉस पडतो. उलट चायच्या खानावळीत ताटात हुबेहूब मांसासारखा तुकडा दिसला तर घाबरू नका, तो सोयाचा किंवा गव्हाचा असतो. ज्यांना ते बघूनही नकोसं वाटतं त्यांनी भाज्या आणि टोफू असं बोटाने दाखवून मागवावं.

फळं मनसोक्त खा. मँगोस्टीन, रामबुतान, ड्रॅगनफ्रूट. रस्त्यावरचा उसाचा रस इथे छोट्या लिंबाबरोबर पिळतात, आपल्या रसवंतीइतकाच चांगला. फणसाच्या जातीचा वाटणारा दुरियान नातेवाइकांना विचारल्याशिवाय घरी आणू नका. वास दोन दिवस जात नाही आणि काही इमारतींत त्याला बंदी असते.

कॉफीचं एवढं कौतुक का?

व्हिएतनाम ब्राझीलनंतर जगातला सर्वांत मोठा कॉफी उत्पादक आहे, आणि बहुतेक पीक रोबस्टा जातीचं, दाट आणि कडू. कपावर छोटी धातूची गाळणी ठेवतात, थेंब थेंब उतरू देतात, खाली कंडेन्स्ड मिल्क, वर बर्फ. ‘का फे सुआ दा’ मागा. फार कडक वाटली तर ‘बाक सिऊ’ घ्या, त्यात दूध जास्त. पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी रिकाम्या पोटी घेऊ नये.

पैशांचा हिशोब कसा करायचा?

साधारण तीनशे डोंग म्हणजे एक रुपया. लाख डोंगची नोट बघून दचकायचं नाही, ते सव्वातीनशे-साडेतीनशे रुपये. दुकानदार ‘पन्नास’ म्हणाला तर पन्नास हजार समजायचे. सर्वांत जास्त गोंधळ २०,००० आणि ५,००,००० च्या नोटांत होतो, दोन्ही निळ्या. पाच लाखाच्या नोटा पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवा. घरून डॉलर आणा, कोऱ्या शंभराच्या नोटा, आणि बँकेत किंवा परवानाधारक दुकानातच बदला.

बेन थान्ह बाजारात घासाघीस कितपत करावी?

करावी, हसतमुखाने. १९१४ पासून हा बाजार इथे आहे आणि आता त्याचं गिऱ्हाईक बहुतांश पर्यटकच. सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून सुरुवात करा. घ्यायचं नसेल तर भाव विचारू नका, आणि भाव ठरल्यावर माघार घेऊ नका, ते त्यांना मनाला लागतं. कॉफी आणि काजू घराजवळच्या सुपरमार्केटमधून घेणं स्वस्त. काजू मिठात भाजलेले, तांबूस सालासकट मिळतात. कोकणातल्या पाहुण्यांना ते आपल्यापेक्षा वेगळे लागतात, पण डबे भरभरून तेच घेऊन जातात.

रस्ता ओलांडायचा कसा? स्कूटर भाड्याने घ्यावी का?

वाहनं इथे उजव्या बाजूने चालतात. आपण सवयीने उजवीकडे बघतो आणि स्कूटर डावीकडून येते, म्हणून आधी डावीकडे बघा. मग एका संथ, सारख्या चालीने निघा. मध्येच थांबू नका, मागे फिरू नका, धावू नका. स्कूटरवाले तुमच्या चालीचा अंदाज घेऊन बाजूने जातात, ती चाल बदलली की अपघात होतो. मुलांचा हात धरा, म्हाताऱ्यांना मध्ये घ्या. मोटारी आणि बस मात्र थांबतील असं समजू नका. फुटपाथवरूनही स्कूटर येतात.

स्कूटर घेऊ नका. नुसत्या भारतीय परवान्यावर इथे ती चालवता येत नाही, आणि अपघात झाला तर प्रवास विमा हात वर करतो. भुर्दंड शेवटी नातेवाइकांवर पडतो. हौस असेल तर ग्रॅबच्या दुचाकीवर मागे बसा, हेल्मेट ते देतात आणि ते सक्तीचं आहे.

चोरीची भीती कितपत?

अंगावर येऊन लुटण्याचे प्रकार दुर्मीळ, पण चालत्या स्कूटरवरून मोबाइल किंवा पर्स हिसकावण्याचे होतात. रस्त्याच्या कडेला उभं राहून नकाशा बघू नका, दुकानाच्या आत शिरा. पर्स रस्त्याच्या विरुद्ध खांद्यावर. मंगळसूत्र आणि सोन्याच्या बांगड्या घरी कुलपात. नारळवाला आपली कावड तुमच्या खांद्यावर देऊन फोटो काढायला सांगेल, त्यानंतर नारळाचे भलतेच पैसे मागेल, तेव्हा आधीच नम्रपणे नको म्हणा.

नातेवाइकांनी बरोबर यावं अशी अपेक्षा धरावी का?

नाही. हे थोडं मोकळेपणाने लिहायला हवं. त्यांनी ते कॅथीड्रल प्रत्येक पाहुण्याबरोबर बघितलेलं असतं. इथे अनेक कंपन्यांत शनिवारीही अर्धा दिवस काम असतं, मुलांच्या शाळा सकाळी लवकर भरतात. संकोचापोटी ते ‘येतो ना’ म्हणतील, रजा टाकतील. तुम्हीच सांगा की सकाळी आम्ही जाऊन येतो. एक संध्याकाळ मात्र सगळ्यांनी मिळून न्यूएन ह्वेवर जा आणि त्या दिवशीचं जेवण तुमच्याकडून द्या.

परतायची वेळ कळवा आणि पाळा. इमारतीचं कार्ड एकच असेल तर त्यावरून रोज कुणाला तरी खाली यावं लागतं, जादा कार्डाचं पहिल्याच दिवशी विचारा.

मुलीचं सासर व्हिएतनामी आहे आणि त्यांच्याच घरी राहायचं आहे. काय सांभाळावं?

आपल्या घरात जे सांभाळतो तेच, थोड्या फरकाने. चपला बाहेर. वस्तू देताना-घेताना दोन्ही हात. जेवायला बसल्यावर थोरांना ‘घ्या’ म्हटल्याशिवाय लहान सुरुवात करत नाहीत. भातात जेवायच्या काड्या उभ्या रोवू नका, ते पितरांपुढे लावलेल्या उदबत्तीसारखं दिसतं. घरात पूर्वजांचा देव्हारा असतो, पहिल्याच दिवशी फळांची परडी नेऊन यजमानांच्या हाती द्या, ते बहुधा ती आधी तिथेच ठेवतील. शाकाहारी असाल तर येण्याआधीच मुलीकडून कळवा, ताटात वाढल्यावर नको म्हणणं विहीणबाईंना फार दुखवतं. कळलं की त्या तुमच्यासाठी चायचा स्वयंपाक मनापासून करतात. भाषा येत नसली तरी स्वयंपाकघरात शेजारी बसून भाजी निवडायला घ्या.

येताना काय आणू?

विचारा, पण उत्तर ठरलेलं आहे : गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, आमसुलं. डाळी, तांदूळ, साधे मसाले इथे मिळतात, ते वजन वाहू नका.

कधी यावं?

डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्च-एप्रिल फार तापतो. मे ते नोव्हेंबर पाऊस, पण तो बहुधा दुपारनंतर तासभर कोसळतो आणि थांबतो, सकाळी फिरणाऱ्यांचं काही बिघडत नाही. तेतचा, म्हणजे इथल्या चांद्र नववर्षाचा, आठवडा जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतो. न्यूएन ह्वेवर फुलांचा रस्ता सजतो, तो पाहण्यासारखा. मात्र त्याच दिवसांत दुकानं, खानावळी आणि बरीच संग्रहालयं बंद असतात, आणि विमानाची तिकिटं महाग.

आईवडील सत्तरीचे आहेत, झेपेल?

झेपेल, फक्त एका फेरीत एकच ठिकाण ठेवा. फुटपाथ उंचसखल आहेत. जवळचं अंतरही गाडीने करा, भाडं फार नसतं. प्रासाद आणि कॅथीड्रलच्या मधल्या ३० एप्रिल बागेत मोठी झाडं आणि सावली आहे, तिथे बसवून तुम्ही टपाल कचेरी बघून येऊ शकता.

बुई व्हिएन रस्त्यावर रात्री जावं का?

तरुण मंडळींनी एक चक्कर मारावी. दारूचे अड्डे, कानठळ्या बसवणारं संगीत, रोषणाई. लहान मुलं आणि वडीलधारे बरोबर असतील तर नको. गेलातच तर पेय मागवण्याआधी लेखी दर बघा, आणि मेट्रोने परतायचं असेल तर शेवटची गाडी रात्री दहाच्या सुमाराला असते, त्या हिशोबाने बेन थान्हकडे चालायला लागा.